संमोहनास्त्र : जुने आणि नवे

शत्रूला ठार न मारता केवळ निपचित पाडणारे शस्त्र, ही दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांची एक लाडकी कल्पना आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. तिच्यातील वीरांपाशी 'फेझर' नावाचे किरणास्त्र असे. त्याची मात्रा सौम्य ठेवली की माणूस बेशुद्ध पडे. तीव्र केली की नाहीसा होई. १९८० च्या दशकात ही मालिका आपल्या दूरदर्शनवरही आली आणि सौम्य मात्रेचा मार खाऊन थोड्या वेळाने डोके चोळीत उठणारी माणसे आपण घरबसल्या पाहिली.

परंतु ही कल्पना आपणांस नवी नव्हती. कालिदासाच्या 'रघुवंशा'त राजपुत्र अज विदर्भाकडे इंदुमतीच्या स्वयंवरासाठी निघतो. वाटेत नर्मदातीरी एक रानहत्ती चालून येतो. अज त्याला मारीत नाही, हलकासा बाण सोडतो. तोच हत्ती शापमुक्त होऊन प्रियंवद गंधर्व बनतो आणि अजाला संमोहनास्त्र देतो. या अस्त्राचा विशेष असा की, शत्रूची हिंसा होत नाही आणि विजय मात्र हाती येतो. विवाहानंतर चिडलेले राजे वाट अडवितात, तेव्हा अज त्यांची सेना झोपवितो आणि त्यांच्या ध्वजांवर रक्ताने लिहवितो की, तुमचे यश घेतले, दयेने प्राण मात्र सोडले. म्हणजे या कथेचा एक पाय आपल्या महाराष्ट्राच्या भूमीत, विदर्भात, रोवलेला आहे.

यावरून आपल्या पूर्वजांपाशी असे यंत्र होते, असे आम्ही म्हणत नाही. होती ती इच्छा. आणि इच्छेचाही इतिहास असतो.

या इच्छेला आधुनिक काळात विजेचे रूप आले. १९११ साली अमेरिकेत टॉम स्विफ्ट या कल्पित तरुणाच्या विद्युत्-बंदुकीची कादंबरी निघाली. तिच्यातही मात्रा कमीजास्त करता येते, आणि योगायोग असा की, तिच्यातही हत्ती आहेत. मात्र ते शिकारीसाठी. पुढे १९७० च्या दशकात जॅक कव्हर या संशोधकाने तारा जोडलेले दोन काटे फेकून स्नायू आखडविणारे साधन बनविले व त्या कादंबरीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'टेझर' म्हटले.

आणि येथेच कथेची व व्यवहाराची फारकत होते. २००७ साली व्हँकुव्हरच्या विमानतळावर पोलंडहून आलेला रॉबर्ट झिकान्स्की हा प्रवासी पोलिसांच्या टेझरचे झटके बसल्यावर मरण पावला. तो वापर समर्थनीय नव्हता, असे चौकशीत ठरले. २००२ साली मॉस्कोच्या नाट्यगृहात ओलीस सोडविण्यासाठी गुंगी आणणारा वायू सोडण्यात आला. त्यात १२० हून अधिक ओलीस दगावले. ज्यांना वाचवायचे, तेच गेले.

असे का व्हावे? याचे उत्तर आपल्या संत तुकाराम नगरातच आहे. येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी माणसाला गुंगी देतात, तेव्हा आधी त्याचे वजन, वय, हृदय पाहतात. आणि तो जागा होईपर्यंत भूलतज्ज्ञ त्याच्या श्वासावर व नाडीवर नजर ठेवून उशाशी असतो. झोप आणि मृत्यू यांमधील अंतर प्रत्येक देहात निराळे असते. महाभारतकारालाही हे जाणवले असावे. विराटपर्वात अर्जुनाच्या संमोहनास्त्राने सारे कौरव मूर्च्छित होतात. एकटे भीष्म जागे राहतात. एकच मात्रा सर्वांना सारखी लागू पडत नाही.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मात्र त्या उशाशी कोणी बसलेले दिसत नाही. शस्त्र 'सौम्य' म्हटले की ते चालविणारा हात सैल होतो, हा त्यातला खरा धोका. अजाने हत्तीवर बाण हलका सोडला, तो अस्त्र मिळण्याच्या आधी. संयम हातात होता, म्हणून अस्त्र त्याच्याकडे आले. हा क्रम उलटा करून चालणार नाही, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.