ज्यांना पळता येत नाही

आग लागली की रांगेने बाहेर पडायचे, असे आपण शाळेत मुलांना शिकवतो. पण आतल्या माणसांना चालताच येत नसेल तर? रुग्णालयांच्या सुरक्षिततेचे नियम या एका प्रश्नाभोवती हळूहळू घडत गेले.

मुंबई प्रांतात १९४९ साली शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा झाला. जागा, बांधकाम, कर्मचारी किंवा साधने अयोग्य असतील तर नोंदणी नाकारण्याची सोय त्यात होती. मात्र योग्य बांधकाम कोणते, हे जगभर दुर्घटनांनीच शिकवले. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात १५ मे १९२९ रोजी क्ष-किरणांच्या साठवलेल्या फिल्म पेटल्या. त्या नायट्रोसेल्युलोजच्या होत्या. जळताना त्यांतून विषारी वायू निघाले आणि १२३ माणसे दगावली. ज्वाळेपेक्षा धूर अधिक घातक असतो, हा धडा तेथे मिळाला. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली निघाली. तिच्या वर्गीकरणात रुग्णालये, वृद्धाश्रम आणि तुरुंग एकाच गटात येतात. हे विचित्र वाटेल, पण कारण साधे आहे : तिघांतील माणसे आपल्या मनाने बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून रुग्णालयात मजला आगरोधक भिंती व दारांनी विभागायचा आणि संकटात रुग्णाला खाटेसकट शेजारच्या विभागात सरकवायचे, अशी रीत आली. जिना त्यानंतर.

महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २००८ पासून तो लागू आहे. यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची वा वापरणाऱ्याची. परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे.

तरीही ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरली, असे तेव्हा शासनाने सांगितले. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनची गळती झाली. नळ्यांतला दाब घटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तिथे आग नव्हतीच. म्हणजे सज्जता केवळ आगीची पुरत नाही. वीज आणि ऑक्सिजन यांची दुसरी सोयही हाताशी लागते.

हे मोठ्या रुग्णालयांपुरतेच आहे, असे आम्हांला वाटत नाही. वाशीम–पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात दहा खाटांचे प्रसूतिगृह असेल, तर बाहेरची मदत पोचेपर्यंतची मिनिटे रात्रपाळीच्या दोघा-तिघांनाच सांभाळायची असतात. मुख्य स्विच कुठे, ऑक्सिजनची झडप कोणती, कुलूपबंद दाराची किल्ली कुणाकडे, हे त्यांना अंधारातही सापडले पाहिजे. ते कागदावरच्या प्रमाणपत्राने जमत नाही, वारंवार रंगीत तालीम केल्यानेच जमते.

वर्गात हे एका गणिताने पटवून देता येईल. समजा, दहा रुग्णांपैकी एकालाही चालता येत नाही आणि उचलायला दोनच माणसे आहेत. एका रुग्णाला जिन्याने खाली न्यायला तीन मिनिटे लागतात, शेजारच्या सुरक्षित खोलीत खाट ढकलायला अर्धे मिनिट. पहिल्या रीतीने तीस मिनिटे, दुसरीने पाच. खोली धुराने भरायला दहा मिनिटे लागत असतील, तर पहिल्या रीतीत किती जण मागे राहतील? उत्तर काढून झाले की मुलांना पुढचा प्रश्न विचारावा : ती शेजारची खोली रिकामी आणि तिचे दार धूर अडवणारे असावे, हे कधी ठरवायला हवे होते?