युरेनसचं मराठी नाव काय?

आकाशातले ग्रह दाखवणारं एक छोटं ॲप मी सुट्टीच्या दिवशी लिहितोय. मराठी नावं भरताना शनीपर्यंत काहीच अडलं नाही. पुढे युरेनसपाशी गाडी थांबली. पनवेलच्या आमच्या घरातलं पंचांग त्याला 'हर्शल' म्हणतं, मराठी पुस्तकांत 'प्रजापती' सापडतो, हिंदीत तो 'अरुण'.

विल्यम हर्शलने हा ग्रह १७८१ मध्ये शोधला आणि इंग्लंडच्या राजाचं नाव त्याला दिलं. जर्मनीच्या बोडेने सुचवलं युरेनस. गुरूचा बाप शनी, तर शनीचा बाप ग्रीकांचा आकाशदेव उरानोस. नात्यांचं हे गणित पाहिलं, तर मूळ पुरुष म्हणून 'प्रजापती' चपखल बसतो. 'अरुण' मात्र सूर्याचा सारथी. इतक्या लांबच्या अंधारात तो काय करतोय, देव जाणे!

खरी गंमत वरुणाची. उरानोस आणि वरुण हे एकाच मुळातून आले, असं एकोणिसाव्या शतकातले बरेच भाषापंडित मानत. आज ते फारसं कुणी मानत नाही. पण नाव ठरवताना उच्चार नाही, खातं बघितलं गेलं. समुद्राचा देव म्हणून वरुण नेपच्यूनला गेला. प्लूटो पाताळाचा म्हणून 'यम'. वास्तविक ग्रीक 'प्लूटोन' या नावात संपत्तीचा अर्थ आहे, म्हणजे कुबेरही चालला असता.

या सगळ्यात ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर मला सगळ्यात जवळचे वाटतात. त्यांनी ग्रीक नावांना प्रतिशब्द शोधलेच नाहीत. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असल्याचं भाकीत छापलं आणि नावंही देऊन टाकली: ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्मा सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट लांब, फेरी सुमारे २४२ वर्षांची. १९३० मध्ये प्लूटो सापडला: साधारण ३९.५ पट, २४८ वर्षं. आकडे विलक्षण जवळचे आहेत. पण गुरूच्या उपग्रहांचा जो नियम त्यांनी बाहेरच्या ग्रहांना लावला, तो तिथे तसा लागू होत नाही; विष्णू तर कधी सापडलाच नाही. तेव्हा 'प्लूटो आम्हीच शोधला' असे फॉरवर्ड आले तर जरा दमानं घ्या.

'प्लूटो' हे नाव ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने सुचवलं. केतकर त्याच वर्षी गेले. ब्रह्मा टिकला असता, तर मराठीत प्रजापतीशी घोळ झालाच असता, कारण दोघे बहुतेक एकच. तरी ॲपमध्ये प्लूटोवर बोट ठेवलं की खाली बारीक अक्षरांत 'केतकरांचा ब्रह्मा?' असं येतं. प्रश्नचिन्हासकट. युरेनसला मी 'प्रजापती' ठेवलंय, कंसात हर्शल.