गडाचा हवालदार कोण?

चंडीगड हे नियोजित शहर. त्यातील सेक्टर २२ सर्वांत आधी वसला, म्हणजे येथील जुन्यात जुनी नियोजित वस्तीही १९५०च्या दशकातली. या शहरातील ल कार्बुझिए यांचे कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्याच यादीत जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले आले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा, आणि तामिळनाडूतील जिंजी हा बारावा. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या बातमीने अभिमान वाटला, हे स्वाभाविकच आहे. परंतु शासकीय सेवेत वर्षे घालविलेल्या माणसाच्या मनात त्यासोबत एक प्रश्नही येतो: या गडांचा रोजचा कारभार आज नेमका कोणाकडे आहे?

शिवकाळात या प्रश्नाला स्पष्ट उत्तर होते. सभासदाने आपली बखर जिंजी येथेच, राजाराम महाराजांच्या काळात लिहिली. तिच्यात गडाच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत व कारभार तिघांनी मिळून करावयाचा असे. धान्य व युद्धसाहित्याच्या कोठारांसाठी कारखानीस, तर तटाच्या पहाऱ्यासाठी तटसरनौबत. एकाच माणसाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यामागील हेतू. आजच्या भाषेत सांगायचे तर अंतर्गत नियंत्रणाची ही व्यवस्था होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण तर देखभालीची नियमपुस्तिकाच म्हणावी लागेल. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. नसल्यास खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर विसंबू नये. गडावरील झाडे राखावीत. केरकचरा गडाखाली न टाकता जागीच जाळून त्या राखेवर भाजीपाला करावा. राज्याचे सार ज्या गडांत आहे असे मानले, त्यांच्या केराचाही विचार करणारे हे प्रशासन होते.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगड पडला, वाडे जळाले. पुढे कंपनी सरकारने अनेक डोंगरी किल्ल्यांच्या वाटा व तटबंदी जाणूनबुजून निकामी केल्या. तथापि माझ्या मते अधिक मोठी हानी शिबंदी संपल्याने झाली. तट पडला तर पुन्हा बांधता येतो. पण टाक्यातील गाळ दरवर्षी काढणारा आणि भिंतीतले रोप वेळीच उपटणारा माणूस गेला की गड हळूहळू स्वतःच ढासळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींच्या समाधीच्या देखभालीसाठी सरकारने मंजूर केलेली रक्कम वर्षाला अवघी पाच रुपये होती. अर्थसंकल्पातील आकडा राज्यकर्त्यांचे मन कसे उघड करतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

१८९५ साली लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीची हाक दिली आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला. योगायोग असा की १८९५ मध्येच इंग्लंडमध्ये 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. तेथील डॉर्सेट परगण्यात कॉर्फ नावाचा किल्ला आहे. यादवी युद्धानंतर, १६४६ मध्ये, पार्लमेंटच्या हुकुमाने तो सुरुंगांनी फोडण्यात आला. आज तो या ट्रस्टकडे आहे. ट्रस्टने तो नव्याने बांधला नाही. अवशेष अवशेषांच्याच रूपात राखले आहेत. सभासदांची वर्गणी, प्रवेशशुल्क आणि स्वयंसेवक यांच्या बळावर अशा वास्तूंचा नित्याचा खर्च चालतो. आपल्याकडेही निधी जमला, उत्सव झाला; पण सर्व गडांचा भार कायमचा वाहणारी तशी मोठी लोकसंस्था काही उभी राहिली नाही.

आजची स्थिती पाहू. यादीतील बारांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. शिवाय अनेक ठिकाणी भोवतालचे जंगल वनखात्याचे, रस्ता बांधकाम खात्याचा आणि पायथ्याचा कचरा ग्रामपंचायतीचा. केंद्रीय स्मारकांच्या तिकिटांचे पैसे भारताच्या संचित निधीत जमा होतात. ते त्याच गडावर परत येतील याची शाश्वती नसते. त्यामुळे एखादा बुरूज ढासळल्यास पत्रव्यवहार पुष्कळ होतो, उत्तरदायी मात्र कोणीच सापडत नाही.

यासाठी नवे महामंडळ नको. प्रत्येक गडासाठी एक जबाबदार अधिकारी असावा व त्याचे मुख्यालय पायथ्याच्या गावी असावे. हिशेब आणि साहित्यभांडार यांसाठी दोन स्वतंत्र हात असावेत. तिकिटाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा त्याच गडावर खर्च करण्याची मुभा असावी. पहारा व सफाई घेऱ्यातील गावकऱ्यांकडे, योग्य वेतनावर सोपवावी. पूर्वी घेऱ्यातील लोकच गड राखीत आणि त्याबद्दल त्यांना इनाम मिळे.

जागतिक यादीमुळे पर्यटक वाढतील, त्यांच्यासोबत प्लास्टिकही वाढेल. मानांकन मिळवून देणारी कागदपत्रे दिल्ली-मुंबईत तयार होऊ शकतात. पावसाळ्यापूर्वी टाक्यातला गाळ काढण्यासाठी मात्र गडावरच कोणीतरी असावे लागते. तीनशे वर्षांपूर्वी त्याला हवालदार म्हणत. आज त्याला कोणत्याही पदनामाने नेमा, पण नेमा.