बारा कार्षापणांचा पावसाळा : त्रिरश्मी लेण्यांतील वर्षावास

१/ नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक हिशेब कोरलेला आहे. वीस भिक्षू, प्रत्येकाला चिवरासाठी बारा कार्षापण. अट एकच : त्या भिक्षूने पावसाळा याच लेण्यात काढलेला असावा.

२/ लोक या डोंगराला ‘पांडवलेणी’ म्हणतात. पांडवांचा येथे काहीही संबंध नाही. हा हिशेब कोरवून घेतला तो क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास. त्याचा विषय आहे वर्षावास : पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहून केलेले सामूहिक अध्ययन, साधना आणि आत्मपरीक्षण.

३/ भिक्षू हा मुळात भटका. मग तो थांबला का? विनयपिटकातील ‘महावग्ग’ त्याचे कारण सांगतो, आणि ते काहीसे अनपेक्षित आहे. तक्रार लोकांची होती. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून थांबतात. हे शाक्यपुत्रीय श्रमण मात्र कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवीत हिंडतात! बुद्धांनी ही तक्रार मान्य केली. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने मुक्काम ठरला. ज्याला तेव्हा जमणार नाही, त्याने महिनाभराने आरंभ करावा.

४/ पुढचे नियम वाचताना माणसांच्या खोड्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. झाडाच्या ढोलीत वर्षावास करू नये. फांद्यांच्या बेचक्यात करू नये. उघड्यावर, स्मशानात, छत्रीखाली, मोठ्या रांजणातही करू नये. यातला प्रत्येक प्रकार कोणीतरी करून पाहिला असणार, त्याशिवाय तो निषिद्ध ठरला नसता. याउलट गुराख्यांच्या वस्तीत, व्यापारी तांड्यासोबत किंवा नावेत राहण्यास मुभा होती. आईवडील आजारी पडले, तर त्यांनी बोलावण्याचीही वाट न पाहता सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येई. श्वापदे, चोर, पूर किंवा अन्नाची टंचाई यांमुळे जागा सोडावी लागली, तर दोष नव्हता.

५/ वर्षावास म्हणजे मौन, असा समज आज सर्रास आढळतो. महावग्गातील एक प्रसंग नेमके उलट सांगतो.

६/ कोसल देशात काही भिक्षूंनी एकत्र वर्षावास केला. भांडण होऊ नये म्हणून त्यांनी एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले. भिक्षा घेऊन जो आधी परतेल त्याने आसने मांडावीत, पाणी ठेवावे; जो शेवटी येईल त्याने आवरावे. घागर एकट्याला उचलली नाही, तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवावे. तीन महिने असेच गेले. पुढे श्रावस्तीला जाऊन त्यांनी हे सारे अभिमानाने सांगितले.

७/ शाबासकी मिळाली नाही. हे तर गुराढोरांसारखे, मेंढरांसारखे, शत्रूंसारखे एकत्र राहणे झाले, अशी बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली आणि मूकव्रत निषिद्ध ठरवले. त्याच प्रसंगातून एक नवा विधी निघाला : ‘पवारणा’.

८/ वर्षावासाच्या अखेरीस सगळा संघ जमे. प्रत्येक भिक्षू उकिडवा बसून, हात जोडून इतरांना विनवी : माझे काही वावगे दिसले असेल, कानी आले असेल किंवा नुसता संशय आला असेल, तर मला सांगा. आरंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्षूपासून होई. तीन महिने एका ओसरीत, एका टाक्याच्या पाण्यावर राहिलेल्या माणसांना परस्परांविषयी किती ठाऊक होत असेल, याची कल्पना केली की या विधीची धार कळते.

९/ सर्वांची पाळी होईपर्यंत उकिडवेच बसायचे, असा आधी नियम होता. एक वृद्ध भिक्षू तसा बसून बसून घेरी येऊन कोसळला. तेव्हा नियम बदलला : आपली पाळी होईपर्यंत उकिडवे बसावे, मग आसनावर बसावे.

१०/ आता पुन्हा नाशिक. गावात भिक्षेसाठी फिरता येत होते. पण वस्त्रांचे काय? उषवदाताने ४२व्या वर्षी, वैशाखात, म्हणजे पावसाच्या तोंडावर, ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज वापरायची ठेव. ती मठात ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली : एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने.

११/ गणित करून पाहण्यासारखे आहे. २,००० वर महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, बेरीज बरोबर २४०! दुसऱ्या ठेवीचे ९० भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवल्याचेही लेखात आहे. भिक्षूंची वस्त्रे विणकरांच्या मागावरच्या कमाईतून यावीत, याहून चोख योजना सापडणे कठीण. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेस आहे.

१२/ एक गोष्ट मात्र जुळत नाही. लेण्यात खोल्या सोळा, लेखात भिक्षू वीस. काही जण एका खोलीत दोघे राहत असावेत, किंवा दिवाणखान्यात पथारी पसरत असावेत. म्हणजे ‘एकांत’ हा शब्द येथे जपूनच वापरावा.

१३/ मग सत्ता पालटली. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य संपवले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूच्या नाण्यावर ठसा मारणाऱ्या राजाने शत्रूच्या जावयाने पोसलेल्या भिक्षूंना काय केले?

१४/ जमीन दिली. उषवदाताच्या ताब्यात असलेले शेत १८व्या वर्षी त्रिरश्मीवरील भिक्षूंना मिळाले. २४व्या वर्षीचा लेख अधिक बोलका आहे. त्यात राजमातेचाही सहभाग आहे, आणि मजकूर जवळजवळ तक्रार-निवारणाचा : भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, ते ज्या गावात आहे तेथे वस्तीच उरलेली नाही, सबब नगरसीमेवरील राजशेतातून १०० निवर्तने द्यावीत. डोंगरावरच्या साधनेचा निकाल अखेर पायथ्याच्या नांगरावर लागत होता.

१५/ कार्ल्यातही तेच दिसते. उषवदाताने तेथील वर्षावासी प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले होते. सातवाहनांनी ते दान पुढे चालू ठेवले. कान्हेरीत तर ही रीत नवव्या शतकापर्यंत पोहोचते : गौड देशातून आलेल्या अविघ्नाकराने १०० द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली, ध्यानगृहांसाठी आणि भिक्षूंच्या वस्त्रांसाठी. पहिल्या ठेवीपासून मधे सात-आठशे वर्षे गेली, नाणे बदलले, राजवंश बदलले. दानलेखातली कलमे जवळपास तीच.

१६/ पुढे लेणी ओस पडली आणि महाराष्ट्रात वर्षावासाचा धागा तुटला. तो पुन्हा जोडला गेला १९५६च्या धम्मदीक्षेनंतर, आणि निराळ्या रूपात. १९५७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या काळात गावोगावच्या विहारांत, वस्त्यांत, घरांतही त्याचे सामूहिक वाचन होऊ लागले. येथे बसणारे भिक्षू नव्हेत, गृहस्थ. दिवसभर कामावर जाऊन आलेले. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मधेच कोणी शंका विचारतो. कोसलातल्या मुक्या मंडळींपेक्षा हे चित्र पवारणेला जवळचे आहे.

१७/ त्रिरश्मीच्या पायथ्याशी आज फाळके स्मारकालगत बुद्धविहार उभा आहे. तेथून पायऱ्या चढून गेले की दहावे लेणे लागते. ब्राह्मी वाचता येणाऱ्याला वीस भिक्षूंचा हिशेब तेथे अजूनही वाचता येतो.