पेटीत घातलेले हात

अंतराळविज्ञानाचा इतिहास आपल्याला अग्निबाणांचा आणि वीरांचा म्हणून सांगितला जातो. पहिला कोण गेला, जास्त दिवस कोण राहिला. पण वर गेल्यावर प्रयोग केले कशात, हे कोण विचारतो? बऱ्याचदा एका बंद पेटीत. काचेतून बघत, पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून. तिचे नाव ग्लव्हबॉक्स.

कक्षेत सांडलेला थेंब खाली पडत नाही. तो तरंगत डोळ्यात, नाकात किंवा यंत्रात शिरतो. म्हणून पेटीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. फट पडलीच तर केबिनमधली हवा आत ओढली जाते, आतले विष बाहेर येत नाही.

अशी पेटी सर्वांना मिळून एकच असणे, हा या इतिहासातला खरा मुद्दा आहे. नाहीतर प्रत्येक संशोधकाने आपल्या प्रयोगासाठी स्वतंत्र सीलबंद यंत्र बांधायचे, आणि ज्याच्याकडे तेवढा पैसा नाही त्याने घरी बसायचे! जून 1992 मध्ये कोलंबिया यानाच्या एसटीएस-50 मोहिमेत युरोपात बनलेली पेटी वर गेली. त्याच मोहिमेतले लॉरेन्स डिल्युकस हे स्वतः प्रथिनांच्या स्फटिकांचे अभ्यासक. स्फटिक कसे वाढतात ते बघून त्यांनी मिश्रणे तिथेच हाताने बदलली. आधी ठरवून दिलेल्या स्वयंचलित यंत्राला हे जमले नसते. बुद्धी खाली आणि हात वर, अशी वाटणी मानणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

याच पेटीत मेणबत्त्याही पेटवल्या गेल्या. गरम हवा वर चढत नसल्याने ज्योत गोल, निळसर, मंद होते. 1996 मध्ये ‘मीर’वरच्या पेटीत शॅनन ल्युसिड यांनी असेच प्रयोग केले.

आंतरराष्ट्रीय स्थानकाची 255 लिटरची पेटी जून 2002 मध्ये गेली. ती युरोपने बांधली, धर्मादाय म्हणून नव्हे. स्वतःची प्रयोगशाळा पोहोचण्याआधी स्थानक वापरायला मिळावे, असा तो रोखठोक सौदा होता. पेगी व्हिटसन यांनी तिच्यात अर्धवाहक पदार्थ वितळवून गोठवले. वर्षअखेरीस पेटीचा वीजपुरवठा बिघडला आणि काम थांबले. दुरुस्तीसाठी कोणी तंत्रज्ञ येणार नव्हता. रासायनिक अभियंता असलेल्या डॉन पेटिट यांनी ती उघडून दुरुस्त केली आणि 2003 मध्ये तिच्यातच चुंबकीय द्रवांचे प्रयोग सुरू केले.