खेळातील ‘ती’ : भुलाबाईच्या गाण्यांपासून पडद्यावरील नायिकेपर्यंत

१

मराठीत ‘खेळ’ या शब्दाचा पसारा मोठा आहे. भुलाबाईचा खेळ असतो, तमाशाचा खेळ असतो आणि तंबूतल्या सिनेमाचाही ‘खेळ’ लागत असे. क्रीडा आणि प्रयोग या दोन कल्पना आपल्या भाषेत एकाच शब्दात नांदत आल्या आहेत. त्यामुळे ‘खेळातील पात्र’ ही संकल्पना मराठी भाषकाला परकी वाटण्याचे कारण नाही. तरीही व्हिडिओ गेममधील स्त्रीचित्रणाची चर्चा आपल्याकडे येते ती पाश्चात्त्य समीक्षेने घडवलेले प्रश्न सोबत घेऊनच. नायिकेचा देह कसा रेखाटला आहे, तिच्या अंगावर वस्त्रे किती, ती सोडवली जाते की सोडवते, हे ते प्रश्न होत. ते खोटे नाहीत, अपुरे आहेत. जळगाव-धुळे परिसरातील मुली पिढ्यान्‌पिढ्या जो खेळ मांडत आल्या, त्यातील स्त्रीपात्रे या पडद्यावरील स्त्रीपात्रांशेजारी ठेवली, तर या चर्चेतून निसटलेला एक प्रश्न पुढे येतो. खेळातील स्त्री कशी आहे हे विचारण्याआधी, तिच्या तोंडचा ‘मी’ कोणाचा आहे, हे विचारले पाहिजे.

२

पडद्यावरील खेळांचा प्रारंभकाळ पाहता तेथे स्त्री ही पात्र म्हणून नव्हे, तर प्राप्तव्य म्हणून अवतरते. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘डाँकी काँग’ हा खेळ आणला. त्यात एका स्त्रीला महाकाय वानराने पळवून नेलेले असते आणि खेळणाऱ्याने शिड्या चढत तिच्यापर्यंत पोचायचे असते. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये हीच रचना विस्तारली. तेथे आठ जगे आहेत आणि पहिल्या सात जगांच्या शेवटी, राजकन्या येथे नसून दुसऱ्या किल्ल्यात आहे, एवढेच कळते. व्लादिमीर प्रॉप याने १९२८ साली रशियन अद्भुतकथांचे रूपविश्लेषण करताना राजकन्येचे जे कार्य नोंदवले होते, तेच येथे यंत्राच्या साहाय्याने पुन्हा चालू झाले. तिच्याकडे कृती नाही. तिच्या नसण्याने इतरांच्या कृतीला कारण मिळते.

स्त्रीला कृती मिळाली तेव्हाही हा व्यूह लगेच मोडला नाही. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’ या खेळात चिलखतातील योद्धा स्त्री असल्याचे अखेरीस उघड होते. परंतु खेळणारा जितक्या कमी वेळात खेळ संपवील, तितकी ती कमी वस्त्रांत दिसते. म्हणजे नायिकेने गाजवलेल्या पराक्रमाचे बक्षीस तिच्या देहाच्या रूपाने खेळणाऱ्याला मिळते. १९९६ साली इंग्लंडमधील कोअर डिझाइन या संस्थेने ‘टूम्ब रेडर’मधून लारा क्रॉफ्ट जगापुढे आणली. ती धीट आहे, विद्वान आहे, एकटी आहे. पण खेळणारा बहुतेक वेळ तिच्या पाठीमागून तिला पाहत असतो. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटातील दृश्यसुखासंबंधी जे विवेचन केले, ते येथे अधिक तीव्र रूपात लागू पडते. चित्रपटाचा प्रेक्षक पाहतो. येथे पाहणारा पात्राला चालवतोही.

१९९० च्या दशकात दूरदर्शन संचाला जोडायची स्वस्त खेळयंत्रे आपल्याकडच्या बाजारात आली आणि ‘मारिओ’ हे नाव जिल्ह्याच्या गावांतील मुलांच्याही तोंडी बसले. त्या मुलांच्या घरातील मुली मात्र भाद्रपद लागताच दुसराच खेळ मांडत होत्या.

३

भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विनातील कोजागरीपर्यंत महिनाभर खानदेशात आणि वऱ्हाडात भुलाबाई बसते. काही गावांत तिला गुलाबाई म्हणतात. भुलोबा आणि भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या, सायंकाळी मुलींनी घरोघर जाऊन त्यांच्यापुढे टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणायची आणि शेवटी झाकून आणलेला खाऊ ओळखायचा, असा हा खेळ आहे. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोबा म्हणजे शंकर, अशी लोकसमजूत आहे. पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले आणि शंकर तिला भुलला, या कथेशी हे नाव जोडले जाते. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा ही याच परिवारातील रूपे. तेथे पाटावर काढलेल्या हत्तीभोवती मुली फेर धरतात.

या परिवारातील गाण्यांत पात्रे भरपूर आहेत आणि ती बहुतेक स्त्रियाच आहेत. सासू, सून, नणंद, जाऊ, माहेरची आई, वहिनी. कारल्याच्या बियांचे सर्वपरिचित गाणे पाहावे. सुनेला माहेरी जायचे आहे. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. बी पेरून झाले की वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग त्याची भाजी कर. प्रत्येक अट पुरी झाल्याचे सून सांगते आणि प्रत्येक वेळी नवी अट पुढे येते. काही पाठांत परवानगीचा प्रश्न सासूकडून सासऱ्याकडे, दिराकडे, नणंदेकडे असा घरभर फिरत राहतो.

या गाण्याची आणि ‘मारिओ’ची रचना लक्षपूर्वक ताडून पाहिली, तर साम्य विलक्षण आहे. दोन्हीकडे टप्पे आहेत, दोन्हीकडे प्रत्येक टप्प्याअखेर ध्येय पुढे ढकलले जाते आणि पुनरावृत्तीतून ताण वाढत जातो. भेद आहे तो कर्तृस्थानाचा. तेथे पुरुष स्त्रीकडे निघाला आहे आणि ती कोठेतरी बंद आहे. येथे जी बंद आहे तीच निघाली आहे. किल्ल्यातील राजकन्येने आपल्या सुटकेचे सारे टप्पे स्वतः मोजून सांगितले असते, तर जे घडले असते ते या गाण्यात घडते.

आणखी एक भेद आहे. पडद्यावरील खेळात अडथळा हा राक्षस असतो. त्याला मारले की वाट मोकळी होते. कारल्याच्या गाण्यात अडथळा ही दुसरी स्त्री आहे, आणि तीही कधीकाळी हीच अट पुरी करीत आलेली आहे. तिला मारता येत नाही. तिच्या जागी एक दिवस जावे लागते. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी माहेराविषयीच्या आपल्या कवितेत हे नाते अचूक हेरले आहे. लेकीला माहेर लाभावे म्हणून आई सासरी राहते, असा तिचा आशय. म्हणजे या खेळातील जे अंतिम बक्षीस, ते माहेरच मुळी दुसऱ्या एका स्त्रीच्या सासुरवासावर उभे आहे. खेळाच्या ध्येयाची इतकी कठोर चिकित्सा पडद्यावरील खेळांत क्वचितच आढळते.

४

तरीही या गाण्यांना विद्रोहाचे साहित्य ठरवण्याची घाई करू नये. मॅक्स ग्लकमन या मानवशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील समाजांच्या अभ्यासातून ‘विद्रोहाच्या विधीं’ची कल्पना मांडली. ठरावीक दिवशी, ठरावीक चौकटीत सत्तेविरुद्ध बोलण्याची मुभा मिळते आणि त्यातून सत्ता अधिक स्थिर होते, असा तिचा आशय. भुलाबाईला ही कल्पना बऱ्याच अंशी लागू पडते. तक्रारीचा काळ महिनाभराचा. कोजागरीला मूर्ती उठते आणि तक्रारही उठते. लग्नाआधीच मुलगी सासुरवासाची भाषा पाठ करते, म्हणजेच त्याची अपरिहार्यता मान्य करून बसते, हा आक्षेप टाळता येणार नाही. शेजारच्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून तत्कालीन ग्रंथांतील स्त्रीचित्रणावर थेट हल्ला चढवला. त्या उघड वादाची धार गाण्यांत नाही.

मात्र गाण्यांत जे आहे ते त्या वादाहून वेगळ्या प्रकारचे आहे. येथे खेळणारी आणि पात्र यांच्यात अंतर नाही. दहा वर्षांची मुलगी सुनेचा ‘मी’ उच्चारते आणि पुढच्याच ओळीत सासूच्या आवाजात उत्तर देते. दोन्ही भूमिका तिच्याच तोंडी आहेत. माहेरच्या आणि सासरच्या वैद्याची तुलना करणाऱ्या गाण्यात ती थट्टाही करते. तिच्यापुढे बसलेली असते मातीची भुलाबाई आणि घरातील बायका; त्या बायकाही पूर्वी याच खेळात खेळून गेलेल्या. केवळ पाहणारा असा त्या खेळाला कोणी नसतो.

मराठी रंगभूमीवर याच्या नेमक्या उलट टोकाला स्त्रीपार्टीची परंपरा उभी आहे. ज्यांच्या नावाने आज जळगावात संगीत महोत्सव भरतो, त्या बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) स्त्रीचे असे रूप घडवले की घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण केले. तेथेही ‘ती’ पुरुषाने उभी केली; परंतु त्यासाठी त्याला आपला देह, आवाज आणि चाल त्या भूमिकेला द्यावी लागली. लारा क्रॉफ्टला चालवणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. तिचा देह त्याच्या बोटांच्या आज्ञेत असतो, पण तिचा ‘मी’ त्याला उच्चारावा लागत नाही. भुलाबाईत तादात्म्य आहे, स्त्रीपार्टीत रूपांतर आहे, आणि येथे नियंत्रण आहे. स्त्रीचित्रणाचा इतिहास वेशभूषेच्या मापांपेक्षा या तीन नात्यांच्या आधारे लिहिणे अधिक उपयुक्त ठरेल.

५

या दृष्टीने पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली आणलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ महत्त्वाचा आहे. त्याची नायिका राजी ही सामान्य घरातील मुलगी. असुरांनी तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवले आहे आणि दुर्गेने दिलेले शस्त्र घेऊन ती त्याला सोडवायला निघाली आहे. दृश्यकोन बहुधा दूरचा असतो; भव्य वास्तूंच्या पार्श्वभूमीवर ती लहानशी दिसते. देहप्रदर्शनाचा व्यूह येथे जाणीवपूर्वक टाळलेला आहे.

लोकगीतांच्या अभ्यासकाला त्यातील भावाचे स्थान अधिक अर्थपूर्ण वाटेल. आपल्या गाण्यांत भाऊ मुराळी होऊन येतो आणि बहिणीला माहेरी नेतो. ती वाट पाहते. येथे वाट पाहणारा भाऊ आहे आणि मुराळी बहीण आहे. ‘डाँकी काँग’ची रचना उलटली आहेच, पण त्याहून जुनी, आपल्या ओवीतील रचनाही उलटली आहे. मात्र राजीची कथा सांगतात त्या दोन देवता, दुर्गा आणि विष्णू. तिच्या पराक्रमाचे निवेदन तिच्याकडे नाही. तिला शस्त्र मिळाले. ‘मी’ पुरता मिळालेला नाही.

आणि नेमका हाच प्रश्न आता भुलाबाईपुढेही उभा आहे. जळगावात भुलाबाई महोत्सव भरतो. मुलींचे गट व्यासपीठावर गाणी सादर करतात. अंगणे आटली, अभ्यासाचे तास वाढले, अशा काळात या उपक्रमांनी गाणी टिकवली, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु व्यासपीठ आले की समोर प्रेक्षक येतो, पोशाख एकसारखे होतात आणि मुली गातात त्या मूर्तीकडे नव्हे, सभागृहाकडे तोंड करून. शब्द तेच राहतात. सासूच्या आवाजात उत्तर देणारी मुलगी आता आपण कशा दिसतो याचेही भान ठेवते. खेळ हा शब्द ज्या दोन अर्थांना एकत्र धरून होता, त्यातला क्रीडेचा अर्थ मागे सरतो आणि प्रयोगाचा उरतो.

पडद्यावरील नायिकेने अधिक कपडे घातले किंवा अधिक शत्रू मारले, एवढ्याने स्त्रीचित्रणाचा प्रश्न सुटत नाही. आणि गाणी जशीच्या तशी छापून ठेवली, एवढ्याने भुलाबाई जिवंत राहत नाही. दोन्हीकडे कसोटी एकच आहे. खेळणारीला त्या खेळात स्वतःच्या तोंडाने बोलता येते काय, आणि ती बोलत असताना तिला नुसते पाहणारा कोणी समोर बसलेला आहे काय? खानदेशातील मुलींनी मातीच्या मूर्तीपुढे या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. ते सदोष होते, महिनाभरच टिकणारे होते. पण ते त्यांचे होते.