तळ्याकाठचे कारागीर : गाळ, वाख, जाळं आणि घोंगडी

कंधारला येणारा पाहुणा किल्ला बघतो, फोटो काढतो आणि निघतो. शेजारचं जगत्तुंग तळं राष्ट्रकूटांच्या काळातलं, म्हणजे हजार वर्षांहून जुनं. बारूळचा लोअर मानार, लिंबोटीचा अप्पर मानार, लातूरकडचे घरणी, तावरजा आणि गावोगावचे पाझर तलाव हे त्यामानानं कालचे. तळं म्हटलं की आपल्याला पिण्याचं पाणी, मोटार आणि मासे एवढंच आठवतं. पण आपल्या भागातल्या कमीत कमी चार हातकामांचा कच्चा माल किंवा पहिली पायरी या पाण्यातच आहे. तळ्याचं काय होतं त्यावर ती टिकायची का जायची हे ठरतं.

पहिलं काम कुंभाराचं. मडक्याला कोणतीही माती चालत नाही. ओढा तळ्यात शिरतो तिथं वाळू आणि मुरूम आधी खाली बसतो. बारीक चिकण गाळ पुढं संथ पाण्यात, बहुतेक भिंतीकडं जाऊन बसतो. कुंभाराला पाहिजे तो हा गाळ. उन्हाळ्यात पाणी हटलं की तो आणायचा, वाळवायचा, फोडायचा, चाळायचा, भिजवायचा. मग त्यात लीद किंवा राख मिसळून पायानं तुडवायचा. लीद कशाला, तर भाजताना ती जळून जाते आणि मडक्याला बारीक छिद्रं पडतात. त्यातून पाणी झिरपतं, बाहेर वाऱ्यानं उडतं आणि आतलं गार होतं. फ्रिजचं पाणी दातांना लागतं, माठाचं लागत नाही ते यामुळं. चाकावर फक्त तोंड आणि गळा होतो असं समजा. पोट मोठं होतं ते नंतर, आतून गुंडा धरून बाहेरून थापीनं ठोकून. हे ठोकणं बहुतेक घरात बायकाच करतात, आणि नाव मात्र चाकावाल्याचं होतं.

कुंभाराचं वर्ष सणांवर चालतं. पोळ्याला मातीचे बैल, नवरात्राला घट, दिवाळीला पणत्या, येळवशीला आंबिलाचं बिंदगं, संक्रांतीला सुगडी, आखाजीला करा-केळी, उन्हाळाभर माठ. लातूर-नांदेडची येळवस बाहेरच्याला समजावून सांगावी लागते. शेतात कोपीपुढं बिंदग्यातून आंबील घेतल्याशिवाय तिला मजा नाही. आता बरेच जण स्टीलची बादली नेतात. चव जाते हे कबूल करतात, तरी नेतात.

खरी अडचण गाळाची आहे. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ शेतात जायला लागला. शेतकरी म्हणून मी हे वाईट म्हणणार नाही, हलक्या रानाला त्याचा चांगला फायदा होतो. पण पोकलेन तळ्यात उतरलं की चिकण गाळ, वाळू, मुरूम सगळं एका बकेटात येतं आणि चार दिवसांत पट्टा साफ होतो. शेतकऱ्याला शेकडो ट्रॉल्या लागतात, कुंभाराला वर्षाच्या कामाला थोड्याच. मशीन उतरायच्या आधी ग्रामपंचायतीनं भिंतीकडचा एखादा तुकडा दोरी लावून कुंभारांसाठी ठेवला तर कुणाच्या शेताचं काही कमी होत नाही. ग्रामसभेत हा ठराव मांडता येतो. परंपरागत कुंभारकाम करणाऱ्यांना 500 ब्रासपर्यंत मातीचं स्वामित्वधन माफ आहे. तरी परवानगीचा कागद तहसीलमधून घेऊन ठेवावा, नाहीतर रस्त्यात ट्रॉली अडते.

दुसरं काम दोरखंडाचं, आणि हे मला जास्त काळजीचं वाटतं. अंबाडी आता आपल्याला फक्त भाजीपुरती माहीत आहे. आधी ज्वारी-तुरीच्या रानात अंबाडीचे पाटे असायचे. फुलावर आलेली ताटं कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि तळ्याच्या कडेला दगडाखाली दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायच्या. साल कुजून सुटली की सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. हा झाला वाख. ताग असला तरी रीत हीच. वाखाला पीळ देऊन दोन-तीन पदरी दोर वळतात. त्यातून दावं, कासरा, वेसण, मुसकं, शिंकं, नाडा तयार होतो. मातंग समाजाच्या घरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. बलुत्याचे दोर दरवर्षी पोळ्याच्या आधी शेतकऱ्याच्या दारात यायचे.

सोयाबीन आलं आणि अंबाडी गेली. तणनाशक मारलेल्या रानात अंबाडीचा पाटा राहत नाही. त्यात पाणी. पेंढ्या बुडवायला आश्विन-कार्तिकात काठाला पाणी पाहिजे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तशा वर्षात वाख कुठून निघणार? आणि पाणी असलं तर भांडण असतं. कुजणाऱ्या पेंढ्यांनी पाण्याला वास सुटतो, मासे मरतात, म्हणून मासेमारीवाले चिडतात. त्यांचंही चूक नाही. जुन्या गावांत यासाठी तळ्याखालचा वेगळा डोह ठरलेला असायचा.

नायलॉनचं दावं स्वस्त पडतं, पावसात कुजत नाही, हे खरं. पण वेसण नायलॉनची घातली तर नाकपुडी कापते. लाल कंधारी किंवा देवणी जोडी लाखाच्या पुढं घ्यायची आणि नाकात दहा रुपयांची दोरी घालायची, हे काही बरोबर नाही. निदान वेसण आणि म्होरकी तरी वाखाची किंवा सुताची घ्या.

जाळ्याचं काम भोई समाजाचं. पूर्वी सूत आणि ताग असायचा, आता नायलॉनचा धागा. पण पागजाळं अजून हातानं विणलं जातं, लाकडी पट्टीवर घर मोजून. खाली शिशाच्या गोळ्या ओवतात. तयार जाळी बाजारात मिळतात, पण फाटलेलं जाळं जोडायला हातच लागतो. घर फार बारीक ठेवलं तर पिल्लं अडकतात आणि पुढच्या वर्षी तळं रिकामं, हे विणणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

घोंगडीचा पाण्याशी संबंध थोडाच. कातरणीच्या आधी मेंढ्या तळ्यात धुतात म्हणून लोकर साफ निघते. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळं नवी घोंगडी कडक लागते. घेताना कडक आहे म्हणून नाक मुरडू नका, वापरून ती मऊ होते.

आता योजनेचं. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला, आपल्या मुक्तिसंग्राम दिनालाच सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत कुंभार आहेत, मासेमारीचं जाळं विणणारे आहेत, टोपली-चटई-झाडू करणारे आहेत. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजारांचं ई-व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबात एकालाच लाभ. अंबाडीच्या दोरखंडाचं नाव मात्र यादीत वेगळं नाही, घोंगडी विणणाराही नाही. विणकरांनी हातमाग विभागाच्या ओळखपत्राची चौकशी करावी. फॉर्म सीएससी केंद्रावर भरतात. नोंदणी चालू आहे का हे आधी विचारा, उगीच हेलपाटा नको.

विकत घेणाऱ्यांसाठी : माठ बोटानं वाजवून घ्या. टणटणीत वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला तर तडा आहे किंवा कच्चा आहे. घोंगड्या आणि बैलांचा साज माळेगावच्या यात्रेत मिळतो. यात्रा मार्गशीर्षात, येळवशीच्या तोंडावर भरते. वाखाचं दावं पाहिजे असेल तर पोळ्याच्या आठवड्यात शोधून उपयोग नाही. वाख दिवाळीच्या सुमारास निघतो, तेव्हाच दोरवाल्याला सांगून ठेवावं लागतं. बांधावर चार ओळी अंबाडी टाकून ताटं त्यालाच दिली तर तो नाही म्हणत नाही.